चार दिवस कुणाकडं पडून?

धारवाडच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या दोघी बहिणी इतक्या मोठ्यानं बोलत होत्या, की मागं बसलेल्या कुसुमावतींनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं.

"कविताक्का, सापडलं! आमच्या ऑफिसातल्या उमेशचं काम का रखडतं, ते सापडलं!"

"त्याला काढणार होते ना तुमचे साहेब?"

"आजच सांगणार होते. म्हणून काल कॉम्प्युटरलाच मोजायला लावलं, प्रोग्रामचा कोड कुणाकडं किती वेळ पडून राहतो ते."

"बरं, मग?"

"उमेश एका दिवसात लिहून देतो! पुढं चार दिवस तपासणीत पडून!"

"अय्यो! असा कोण आळशी तपासणारा?"

"मी!"

"भार्गवी! आणि हसतीस काय?"

"अगं, आता सुटतंय ना ते! मी सगळं साठवून शुक्रवारी एकदम तपासायची. आजपासून रोज सकाळी पहिलं काम तेच."

"आणि साहेबांना काय सांगणार?"

"ते यायच्या आत आकडे मोठ्या पडद्यावर लावते. माझ्या नावासकट."

रायापूरला बस प्रवाशांसाठी रेंगाळली, तशा कुसुमावती ताडकन उठल्या.

"ड्रायव्हरअण्णा, चला की लवकर! हिचे साहेब आधी पोचतील!"