कारंजं बंद कुठून करतात?

आमच्या बाबांचं सांगते. बहारीनमध्ये ते समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर इंजिनीअर आहेत. घरी नळ ठिबकला तरी ओरडतात.

सुट्टीत आम्ही स्वित्झर्लंडला, ल्युसर्नला गेलो. तळ्याकाठच्या जुन्या चौकात दगडी कारंजं धो धो वाहत होतं. बाबा वाकून नळ शोधायला लागले.

“अगं, किती वाया जातंय! विचार कुणाला तरी, बंद कुठून करतात.”

अनोळखी माणसांशी बोलताना माझा आवाजच फुटत नाही. तरी शेजारी उभ्या असलेल्या एका आजींना इंग्रजीत विचारलं.

“बंद?” त्या हसल्या. “डोंगरातून येतं ते. प्या की!”

बाबा ओंजळभर पाणी प्यायले. मग तळ्यापलीकडच्या बर्फाच्या डोंगराकडे बघतच राहिले.

“खलास,” ते हळूच म्हणाले. “केवढा प्लांट आहे गं यांचा!”