सहा पावलांची खोली

डुफी: चौथ्यांदा सांगते, पोकुआ. ही चोवीस मिलिमीटरची लेन्स, ही चाळीसची, ही पन्नासची. तिन्ही वापरलेल्या, तिन्ही धडधाकट, तिन्हींचा भाव एकच. आणि माझा वाचे, चवळीभाताचा डबा, तिकडे गार होतोय.

पोकुआ: पण मावशी, चोवीस आणि चाळीस तर जुळ्या बहिणी आहेत. दोन्ही बिस्किटाएवढ्या. मघाशी मी लावून बघितली ती यांतली कुठली?

डुफी: ते मी तुला विचारायचं. झाकणं तू अदलाबदल केलीस.

अडोमाको: झाकण बघू नये, लेन्सची कड बघावी. आकडा तिथे असतो.

डुफी: या, मास्तर, या. तुमच्या फोटो-वर्गातली ही मुलगी सकाळपासून माझ्या दुकानात ठाण मांडून बसलीय. एकदा पन्नास म्हणते, एकदा चाळीस. मधूनच रडायला येतं तिला.

पोकुआ: रडत नाही मी. गोंधळलेय.

अडोमाको: गोंधळ चालतो. शाळेत माझ्या गणिताच्या वर्गात तूही गोंधळायचीस, डुफी. त्रिकोणाचे कोन मोजायला दिले की...

डुफी: गिऱ्हाइकासमोर ते नका काढू.

अडोमाको: बरं. पोकुआ, लेन्स बाजूला ठेव. आधी सांग, फोटो कशाचे काढायचेत?

पोकुआ: परवा पहाटे माझ्या भावाच्या बाळाचं नाव ठेवायचंय. आठवा दिवस. थोरले काका बाळाच्या जिभेवर आधी पाण्याचा थेंब लावतील, मग मद्याचा. तेवढा एक क्षण मला नीट हवाय, मास्तर. दादाच्या पहिल्या बाळाचा.

अडोमाको: मग अडलं कुठे?

पोकुआ: काकांनीच अडवलंय. म्हणाले, पोकुआनं पाहुणी म्हणून यावं, कॅमेरा आणायचा नाही. दादा म्हणतो, उद्यापर्यंत काकांचं मन वळव, नाहीतर मी दुसऱ्या कुणाला तरी फोटोला सांगतो.

डुफी: काय केलंस तू काकांचं?

पोकुआ: काही नाही. मागच्या महिन्यात चुलतबहिणीकडे असाच कार्यक्रम होता. माझी जुनी लेन्स अंधारात फोटो हलवते, म्हणून मैत्रिणीची पन्नासची मागून नेली. फोटो उजळ आले, पण अर्धवट. कुणाचं कपाळ, कुणाची कोपरं. काका आहेत तर बाळ नाही, बाळ आहे तर काका नाहीत. तेच बघून ते चिडले असणार. म्हणून आता चांगली लेन्स घ्यायची आणि त्यांना दाखवायचं, की बघा, या वेळी नीट येतील.

अडोमाको: फोटो त्यांनी कधी बघितले?

पोकुआ: अं... अजून नाही बघितले.

डुफी: न बघताच चिडले?

पोकुआ: ते तिथेच चिडले होते. मध्येच उठून बाहेर गेले.

अडोमाको: मग राग फोटोंचा कसा?

पोकुआ: म्हणूनच तर कळत नाही मला. बाकीचे दुकानदार म्हणतात, पन्नास घे, ती सगळ्यांत उजळ. मैत्रीण म्हणते, चाळीस घे, मधली बरी. काका तर कारणच सांगत नाहीत.

अडोमाको: एकेक गाठ सोडवू. दादाची खोली केवढी?

पोकुआ: सहा पावलं. आणि त्यात माणसं.

अडोमाको: डुफी, तुझं दुकान किती पावलं?

डुफी: सहाच असेल. कपाटं धरली तर पाच.

अडोमाको: मग झालं. पोकुआ, तू त्या टोकाच्या भिंतीला पाठ लाव. डुफी, तू काका हो. हा कॅल्क्युलेटर तुझं बाळ.

डुफी: बाळाचं बटण निघालंय, सांभाळून.

अडोमाको: पन्नासची लाव. काय दिसतं?

पोकुआ: मावशी. कमरेपर्यंत. बाळाला धरलेला हात आणि... तुमचा कान, मास्तर.

अडोमाको: चाळीसची?

पोकुआ: मावशी, बाळ आणि तुमचं अर्धं तोंड. पण मैत्रिणीच्या कॅमेऱ्यावर चाळीसमध्ये याहून जास्त दिसतं. माझ्यावरच का कमी?

अडोमाको: कारण तुझ्या कॅमेऱ्याच्या पोटातला प्रकाश टिपणारा पडदा लहान आहे. खिडकी लहान असली की रस्ता तोच, पण दिसतो कमी. तिच्या घरात बसून तुझी खिडकी निवडता येत नाही. आता चोवीसची लाव.

पोकुआ: अरे... सगळेच दिसतात. तुम्ही, मावशी, बाळ, वाच्याचा डबासुद्धा.

डुफी: डबा वगळ.

पोकुआ: पण हिच्यात उजेड कमी येतो, मास्तर. पन्नासची जास्त उजळ आहे. पहाटे करू काय मी?

अडोमाको: थोडा कमी येतो, खरं. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढव, फोटोत थोडे दाणे दिसतील. आणि दार उघडं ठेवायला सांग. दाणेदार काका चालतील, अर्धे काका चालणार नाहीत.

पोकुआ: म्हणजे चोवीस? नक्की? पण मग मैत्रीण...

अडोमाको: थांब. अजून एक गाठ राहिलीय. मागच्या वेळी पन्नासमध्ये सगळे मावेनात, तेव्हा तू काय केलंस?

पोकुआ: माझी पाठ भिंतीला लागलेली होती. मग त्यांनाच म्हटलं, जरा मागे सरका.

अडोमाको: कसं म्हणालीस? करून दाखव. डुफी काका आहे. कॅमेरा डोळ्याला लाव आणि तिला मागे सरकव.

पोकुआ: असं. काका, जरा मागे. अजून थोडं. बाळाच्या बाजूला. हो, तिकडे...

डुफी: अगं ए.

पोकुआ: काय झालं?

डुफी: मला डाव्या हातानं हाकलतेस तू?

पोकुआ: नाही, मी... कॅमेऱ्याचं बटण उजवीकडे असतं ना, उजव्या हातात तर...

अडोमाको: उजव्या हातात कॅमेरा. बरोबर. मग डावा वर गेला.

डुफी: घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाला, बाळाच्या नामकरणात, सगळ्यांसमोर. कोंबडी हाकलावी तसं. मास्तर, मी तर आत्ता नुसती खोटी काका होते, तरी मला अपमान वाटला.

पोकुआ: मला कळलंच नाही. मी कधी कुणाला डाव्या हातानं पाणीसुद्धा दिलेलं नाही, मावशी. लहानपणी आईनं त्यासाठी चापट मारलीय.

डुफी: माहितेय गं.

पोकुआ: महिनाभर मी लेन्सच बघत बसले. किती वेळा केलं असेल मी तसं त्या दिवशी?

अडोमाको: मोजून उपयोग नाही. डोळा काचेत असला की हाताकडे लक्ष राहत नाही. माझंही एकदा राहिलं नव्हतं.

पोकुआ: तुमचं? मग तुम्ही काय केलंत?

अडोमाको: एका वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घेऊन गेलो. आपल्या चुकीबद्दल आपण एकट्यानं बोलायचं नसतं, हे तुला माहीतच आहे. बोलले ते, मी मान खाली घालून बसलो.

पोकुआ: मास्तर, तुम्ही याल माझ्याबरोबर? आज संध्याकाळी?

अडोमाको: येईन. माफी मागताना द्यायची मद्याची बाटली तू आण, बोलणं मी करतो. पण लेन्सबद्दल तिथे एक अक्षर काढायचं नाही. काका लेन्सवर रागावलेले नाहीत.

पोकुआ: आणि ते नाहीच म्हणाले तर?

अडोमाको: तर परवा पाहुणी म्हणून जा आणि नीट बघ. आणि हो म्हणाले, तर चोवीस लावून कोपऱ्यात उभी राहा. कुणाला सरकवायचं नाही. सरकायचं असेल तर तू सरक.

डुफी: मग चोवीस बांधू? की अजून एकदा झाकणं अदलाबदल करायचीत?

पोकुआ: बांधा.

डुफी: कडेवरचा आकडा वाचून घे बाई, उद्या पुन्हा येऊन भांडशील.

पोकुआ: चोवीस. वाचला.

डुफी: हं, ही घे. घे ना. हात का मागे घेतलास?

पोकुआ: थांबा, मावशी. आधी कॅमेरा खाली ठेवते.