पेन खाली ठेवला तेव्हा

हॅलो?… मावशी, मी बोलतेय… "त्याने तुम्हाला सोडलं, की तुम्ही त्याला?" असं विचारणारी… हो, तीच. चौथ्या मजल्यावरची… नाही नाही, ठेवू नका. अहो ऐका ना, दोनच मिनिटं…

नाही हो, आत्ता काही रेकॉर्ड होत नाहीये. शप्पथ.

हळू बोलतेय कारण आई-बाबा बाहेरच बसलेत… नाही, त्यांना काही माहीत नाही. त्यांना एवढंच माहितीये की माझा प्रकल्प शाळेत पहिला आला. बाबांनी शनिवारची रजासुद्धा टाकलीय, मी स्टेजवर बोलणार म्हणून…

हो, तोच प्रकल्प. 'घरून काम करणाऱ्या बायका'. दहा जणींच्या मुलाखती, सगळ्यांना तेच वीस प्रश्न… तो एकविसावा होता, मावशी. तो यादीत नव्हताच. मैत्रिणींनी पैज लावली. म्हणाल्या, शिवणकामवाल्या मावशींचं लग्न ठरून मोडलं होतं म्हणे, हिंमत असेल तर विचारून दाखव… काय मिळालं? काही नाही. आठवडाभर मला 'वार्ताहर' म्हणत होत्या. आणि मला ते आवडत होतं… खूपच.

हो… हो, ऐकतेय. बोला तुम्ही.

म्हणाले होते. 'तुमचं नाव कुठेही येणार नाही.' संमतीपत्रावर मोठ्या अक्षरात होतं… पण नाव नाही ना आलं, मी 'उत्तरदाता क्रमांक सात' असंच… नाही, वाद नाही घालत. चुकलं.

तेच तर सांगायचंय. वर्गात तुमचं बोलणं ऐकवायच्या आधी मी आवाज बदलला होता. ॲपने. एकदम जाडाभरडा, एखाद्या पैलवानासारखा. मला वाटलं, केवढी हुशार मी… पण तुम्ही शिवता शिवताच बोलत होतात ना. मागे तुमचं मशीन. टक टक टक टक… आणि मग ते खट्. अडखळतं ना ते मध्येच. अहो, अर्ध्या वर्गाचे युनिफॉर्म तुम्ही शिवलेत. सगळ्यांनी तुमच्या दारात उभं राहून ते खट् ऐकलंय. पहिल्याच वेळी मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, या तर आपल्या मावशी."

बंद?… नाही केलं. सगळे कान टवकारून बसले होते. बाई मान डोलवत होत्या. मी पूर्ण तीन मिनिटं चालू ठेवलं.

कोण बोललं आजींसमोर, तुमच्या आईंसमोर?… पडद्यांचं माप द्यायला आलेल्या काकू?… अरे देवा. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात आहे… आणि आजी कालपासून बोलतच नाहीत? जेवतात ना पण?… भिंतीकडे तोंड करून?

हो, आठवतंय. वाक्यन्वाक्य पाठ आहे माझं. आजींना तीस वर्षं वाटतंय की मुलाकडच्यांनी मोडलं. आणि खरं तर तुम्हीच नाही म्हणून कळवलंत, कारण तो तुमचं प्रत्येक वाक्य स्वतःच संपवायचा. आणि आजी अजून "बिचारी माझी पोर" म्हणतात आणि तुम्ही म्हणू देता… गप्प बसते. सॉरी.

मावशी, अजून एक आहे. हे नाही सांगितलं तर फोन केल्याचा काही उपयोग नाही. तुम्ही म्हणालात, "हे लिहू नकोस हं." आणि मी पेन खाली ठेवला. म्हणून तुम्ही पुढचं बोललात… मोबाइल तिथेच पालथा होता. चालू… नाही. विसरले नव्हते. बाईंना मी तसं सांगितलं, पण विसरले नव्हते. पेन मी मुद्दाम आवाज करून ठेवला. तुम्हाला कळावं म्हणून.

…काय?

रडत नाहीये. सर्दी झालीय… बरं, रडतेय.

ड्रेस? कुठला ड… अहो, तो शनिवारचा राहू द्या हो… झाला? बाह्या मी म्हटलं तशाच?… काल शिवलात? हे सगळं झाल्यावर?… मावशी, असं नका ना करू. त्यापेक्षा ओरडा माझ्यावर.

काय?… आजींना देताय? नको, थांबा, मी त्यांना काय… हॅलो? आजी?… मी शाळेतली मुलगी… शाळेतली… शाळा, आजी, शाळा… जोरात नाही हो बोलता येत, बाहेर आई… काहीच ऐकू येत नाही? अजिबात?

बरं.

आजी, मी चोरी केली… चोरी… तुमच्या घरात, हो… दागिने नाही, आजी, बोलणं. मावशींचं बोलणं चोरलं. न विचारता रेकॉर्ड केलं आणि अख्ख्या वर्गाला ऐकवलं… मैत्रिणी म्हणाल्या म्हणून विचारलं, पण तोंड माझंच होतं… हो, आगाऊ… हो, तेही… बरोबर आहे तुमचं.

अजून काय म्हणाली?… तुमच्याबद्दल?… म्हणाल्या होत्या. वर्गात तेवढं नाही ऐकवलं… नाही आजी, मी नाही सांगणार… रागवा. काय वाट्टेल ते म्हणा. ते त्यांचं आहे. निदान तेवढं तरी… त्यांनाच विचारा की. तिथेच तर आहेत, मशीन चाललेलं ऐकू येतंय मला… कसं विचारायचं म्हणजे? सोप्पं आहे. विचारायचं आणि गप्प बसायचं. आमच्या बाईंनी शिकवलंय. मध्ये बोलायचं नाही. थांबल्या तरी थांबू द्यायचं. त्यांचं वाक्य त्यांना संपवू द्यायचं…

आजी?… हॅलो?… मशीन थांबलं वाटतं.

हॅलो?

ठेवला.

…आई. तुम्ही दोघं कधीपासून दारात उभे आहात?… चोरीपासून? मग सगळंच ऐकलंत. बरं झालं, परत सांगायला नको.

बाबा, ती रजा रद्द करा. शनिवारी मी स्टेजवर जाणार नाही. उद्या वर्गात उभी राहून सांगणार आहे, क्रमांक सातला दिलेला शब्द कुणी मोडला आणि कसा. प्रकल्प मागे घेतेय… पहिला नंबरपण, हो… नाही आई, विचारत नाहीये, सांगतेय. आणि आत्ता मावशींकडे चाललेय. त्यांनी दार उघडलं तर आत, नाही उघडलं तर पायरीवर बसेन… येते तासाभरात.

नाही, मोबाइल नको. तो इथेच राहू दे.