ज्वारी वळखंना ते मशीन

बसवकल्याणच्या स्टँडवर उमरग्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या तानाजीच्या कानावर मागच्या बाकावरचं बाप-लेकीचं भांडण पडलं.

“अप्पा, एक पेंढी कडबा ठेवा म्हणलं होतं. एक!”

“समुद्राचा अभ्यास करायलीस न्हवं? कडबा कामून पायजे?”

“समुद्रातल्या गवताखाली गाळ साठतोय. त्यातला कार्बन त्या गवताचा, का आपल्या रानातल्या ज्वारीचा, मांजरा नदीनं गोदावरीतनं नेलेला, ते शोधायचंय.”

“मग ते कार्बन तपासायचं मशीन काय म्हणतंय?”

“मशीनला समुद्री गवत आन् ज्वारी सारखीच दिसायलीय!”

“एवढं मोठं मशीन, आन् ज्वारी वळखंना?”

“म्हणून तर आपला कडबा ताडून बघायचाय. सोमवारी नमुना न्हाई दिला तर सर प्रबंध परत करणार.”

“ते म्हशीला कुठं ठावं? खाल्ला की काल.”

“पेंढीला चिठ्ठी बांधा म्हणलं होतं!”

“बांधली की. ‘खाऊ नये’. मराठीत बी, कन्नडमधी बी.”

उमरग्याची गाडी लागली. तानाजी जागचा हलला नाही.

“मंजू, पिशवीत शेण आणलंय. चालंल का? शेवटी ज्वारीच हाय ती.”

मागं पिशवी उघडल्याची सळसळ झाली.

“कधीचं हाय?”

“सकाळचं. चिठ्ठी बी आसंल त्यात.”