बेरीज आठचा टेम्पो

नंबराची बेरीज आठ आली की लोक गाडी घेत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वापीला तसलाच टेम्पो मला स्वस्तात मिळाला. गुजरातच्याच नंबराच्या पाटीवर मी आणि ड्रायव्हर बाळू मुरबाडला निघालो. हद्दीवरच्या नाक्यावर पोलिसानं अडवलं.

"आधी ब्रेक बघा. आत्ताच एक म्हातारे हा नंबर सांगून गेले. म्हणाले, माझी गाडी आहे, पुढं सोडू नका."

बाळू टेम्पोखाली वाकला. "शेठ, ब्रेकचा पाइप फुटायला आलाय! घाटात आपण नाय वाचलो असतो."

मी जुन्या मालकाच्या घरी फोन लावला. सून म्हणाली, "बाबा गेल्या वर्षीच वारले. त्याच टेम्पोत, ब्रेक लागला नाही म्हणून."

पुढं मुरबाडला महाराष्ट्राच्या नंबराची नवी पाटी लावताना बाळू म्हणाला, "शेठ, जुनी पण राहू द्या. नायतर म्हातारा गाडी वळखल कसा?"