लेकीचा प्राणवायू

(जपानमधल्या एका विद्यापीठाची प्रयोगशाळा. दुपार. ओरिए पीएच.डी.ची विद्यार्थिनी, हिसानागा तिथलाच जुना संशोधक. सेन्सेई म्हणजे ओरिएचे मार्गदर्शक प्राध्यापक.)

हिसानागा : आणि ही बाटली एवढी हिरवीगार कशी गं?

ओरिए : तिच्यात साखर घालायची राहिली. ओतूनच टाकणार होते.

हिसानागा : साखर नाही, तरी वाढली? तुझ्या पेशी नुसत्या उजेडावर जगूच शकत नाहीत, असं प्रबंधात लिहिलंयस ना?

ओरिए : हो. मूळ शेवाळ ती आई. तिचा एक जनुक बदलून केलेली ही लेक. आई उजेडात पाणी फोडते, प्राणवायू सोडते. लेकीला ते जमत नाही. यंत्रावर दर वेळी शून्य.

हिसानागा : मग ही काय हवा खाऊन वाढली?

ओरिए : हिसानागा-सान, शुक्रवारी तोंडी परीक्षा आहे. आज थट्टा नको ना.

हिसानागा : थट्टा नाही करत. मोजतेस कशी, सांग बघू.

ओरिए : आपल्याकडच्या रीतीप्रमाणे. मान आईचा, म्हणून कोऱ्या भांड्यात आधी आई. दिवा लावला की काटा चढतो. मग तणनाशकाचा थेंब. पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जातात, त्यातली एक जागा ते अडवतं. पुढची वाट बंद झाली की मागे पाणी फुटणंही थांबतं. काटा थांबला, की प्राणवायू तिथलाच होता हे पक्कं. मग भांडं धुवायचं, लेक घालायची.

हिसानागा : धुतेस कशाने?

ओरिए : पाण्याने. चांगलं खळखळून.

हिसानागा : अल्कोहोल नाही?

ओरिए : का? पाण्याने जात नाही ते?

हिसानागा : भांड्याला चिकटून बसतं. पाण्याला दाद देत नाही.

ओरिए : म्हणजे दर वेळी लेकीला आईचं उष्टं विष?

हिसानागा : मी काहीच म्हणत नाही. अल्कोहोलने धू, आणि आज लेक आधी घाल.

ओरिए : सेन्सेईंना उलटा क्रम खपत नाही.

हिसानागा : सेन्सेई इथे नाहीत. घाल.

ओरिए : घातली. अंधारात ती श्वास घेते, म्हणून काटा जरासा उतरतोय, ते ठीकच. आता दिवा.

हिसानागा : बघ.

ओरिए : चढतोय.

हिसानागा : आईइतका?

ओरिए : जवळजवळ तितकाच. धडधाकट आहे हो ही! आणि मी तीन वर्षं हिला अधू म्हणत आले. सेन्सेईंनी अधिवेशनातही तेच सांगितलं.

हिसानागा : रडतेयस?

ओरिए : नाही. राग येतोय, स्वतःचा. आणि वेड्यासारखं हिचं कौतुकही वाटतंय.

हिसानागा : उद्या परत मोजू. तोवर गप्प राहिलीस तरी चालेल.

ओरिए : नाही चालणार. शुक्रवारी सगळ्यांसमोर उभं राहून शून्य म्हणायला तोंड नाही मला. प्रबंध मागे घेते.

हिसानागा : सेन्सेईंकडे सोबत येऊ?

ओरिए : नको, ते तुमच्यावरच ओरडतील.

हिसानागा : मग जा. आत्ताच जा.

ओरिए : आत्ता जेवायला बसले असतील ते. जेवण तरी सुखाने होऊ दे त्यांचं.