चिमूटभर मीठ आणि मोठ्या सिस्टर

...आणि वर मलाच म्हणतात, "तू बोलतच नाहीस!" अहो, बोलायला फट मिळायला नको का? माहेरी तिघी बहिणी माझ्याहून मोठ्या, सासरी सासूबाई कारखान्याच्या कँटीनमध्ये जन्मभर स्वयंपाक करून निवृत्त झालेल्या, म्हणजे यंत्रांच्या वर आवाज चढवायची सवय, आणि कामावर... कामावर मोठ्या सिस्टर! आता मठातल्या सिस्टर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पांढरा झगा, खाली नजर, मंद आवाज, कमरेला जपमाळ. झगा आहे. जपमाळही आहे. बाकीचं द्यायचं देव विसरला.

तुम्हाला सांगते, लग्न झालं आणि महिन्याभरात मी मठाच्या भट्टीत कामाला लागले. भट्टी म्हणजे काय, तर चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला लोकांना वाटतात ना त्या पातळ, पांढऱ्या, गोल चकत्या, ओस्ती म्हणतात त्यांना, त्या करायची खोली. पीठ आणि पाणी, बस्स. तिसरं काही पडलं की ती ओस्ती नाही, बिस्किट! ते पातळ पीठ दोन तापलेल्या लोखंडी पत्र्यांत दाबायचं, निघालेला कागदासारखा तक्ता वाफेवर मऊ करायचा आणि मग यंत्रानं चकत्या कापायच्या. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सिस्टर, ॲप्रन कुठं असतो?" तर कानाला हात लावून म्हणाल्या, "मोठ्यानं बोल गं पोरी. इतकं हळू फक्त देवाशी बोलायचं, आणि मला अजून ती बढती मिळालेली नाही."

आता यावर माणसानं हसायचं की हात जोडायचे?

त्याच दिवशी माझा पहिला तक्ता पत्र्याला चिकटून करपला. मी रडायच्या बेतात. घरीसुद्धा तेच चाललं होतं हो, काहीही करायला गेले की आई, म्हणजे सासूबाई, हातातलं काढून घ्यायच्या, "राहू दे, मी करते." मोठ्या सिस्टरांनी तो काळा तक्ता उलटापालटा करून पाहिला. "पहिला घाणा सगळ्यांचाच बिघडतो. देवाचासुद्धा. आदाम बघ." आणि गेल्या निघून! मी तिथंच उभी. घरी जाऊन भांडी घासताना कळलं की त्या आदामाबद्दल बोलतच नव्हत्या... माझ्या संसाराबद्दल बोलत होत्या. असं असतं त्यांचं. विनोद दुपारी करायचा, कळायचा संध्याकाळी.

तर महिन्याभरानं तो दिवस आला. मठात तीन मुली त्या दुपारी शपथ घेऊन कायमच्या सिस्टर होणार, बिशप स्वतः येणार, चर्च गच्च भरणार, आणि ओस्त्या आम्ही करायच्या. माझ्या जोडीची बाई बाळंतपणाला माहेरी गेलेली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, घरातलं कोणी आण मदतीला. मी कोणाला आणणार? आईंना! त्यांनी आयुष्यात ओस्ती चाखली नव्हती, पण दारातूनच म्हणाल्या, "एवढंच ना? दोनशे माणसांच्या पोळ्या लाटल्यात मी."

पण खोटं कशाला बोलू, सकाळ छान गेली. मी पीठ कालवलं, पत्रे तापवायला गेले, परत आले, तक्ते काढले, वाफेवर धरले, आई यंत्र दाबतायत, खटाक्, खटाक्, डबे भरतायत, बाहेर गाडी येऊन उभी, ड्रायव्हरदादा हॉर्न देतायत. आणि शेवटचं झाकण लावताना आई माझ्या कानाशी आल्या. आवाज... अहो, आईंचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला माहीतच नव्हतं!

"अगं, मीठ विसरली होतीस पिठात. टाकलंय मी. घाबरू नकोस, कोणाला बोलणार नाही मी."

आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! पहिल्यांदा हो! दोन महिने मी त्या हाताची वाट बघत होते आणि तो फिरला कधी, तर सगळ्या चर्चच्या ओस्त्या खारट करून! आता यावर माणसानं हसायचं की हात जोडायचे? सांगावं, तर आईंची मान सगळ्यांसमोर खाली जाणार, आणि तो हात पुन्हा काही माझ्या पाठीकडे वळायचा नाही. न सांगावं, तर त्या तीन मुली आयुष्यभराची शपथ घेऊन गुडघ्यावर बसणार आणि त्यांच्या जिभेवर काय, तर बिस्किट! मी गप्प. माझी जुनी सवय. म्हटलं, मोठ्या सिस्टर प्रत्येक वेळी एक चकती मोडून चाखतात, त्यांना आपोआप कळेल, मी सुटले.

मोठ्या सिस्टर आल्या. गाल हा एवढा सुजलेला! सकाळीच दाढ काढून आलेल्या. "अर्धं तोंड बधिर आहे," म्हणाल्या, "बाकीच्या सिस्टरांनी डॉक्टरला विचारलं, उरलेलं अर्धं पण करता येईल का. जीभ आज सुटीवर. पोरी, तूच चाख आणि सांग."

मी? मीच?

डबा उघडला. चकती जिभेवर ठेवली. खारट! समोर आई, तोंडभर हसतायत, कारण त्यांना वाटतंय, आता सुनेचं कौतुक होणार. बाहेर हॉर्न. मोठ्या सिस्टर माझ्याकडे बघतायत, आणि तुम्हाला सांगते, त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर एकही विनोद नव्हता. चांगली आहे म्हण, माझं मन म्हणतंय, दोन शब्द, चांगली आहे, आणि घरी जा...

"खारट आहे."

"काय?"

"खारट आहे सिस्टर! मीठ पडलंय!" इतक्या मोठ्यानं की बाहेरचा हॉर्न थांबला.

आईंचं हसू गेलं. कसं सांगू... दिवे गेल्यावर खोली होते ना, तसा चेहरा. मोठ्या सिस्टरांनी विचारलं, "कोणी टाकलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी. माझ्या हातून पडलं." मठात उभं राहून, सिस्टरांच्या डोळ्यांत बघून, धडधडीत खोटं!

आणि आई? तुम्हाला वाटेल सुटका झाली म्हणून गप्प बसतील? छे! अंगावरच आल्या माझ्या. "हिनं? हिला कुठली आलीय एवढी अक्कल मीठ टाकायची! मी टाकलं! वेळेवर बघितलं म्हणून टाकलं!"

"आई, मी टाकलं."

"गप गं! मी टाकलं म्हणते ना!"

मोठ्या सिस्टर आधी आमच्याकडे बघत राहिल्या, मग सुजलेला गाल हातात धरून, भिंतीला टेकून, पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं बायांनो, चर्चमध्ये पापं सांगायला येतात तेसुद्धा शेजाऱ्याची सांगून जातात. आणि तुम्ही एका चुकीवर दोघी हक्क सांगताय! बिशपना बोलवू का बघायला?" मग आईंना मीठ का नको ते समजावून सांगितलं. अगदी हळू आवाजात, त्यांचा हात हातात घेऊन. आई "असं होय, असं होय" करत पदरानं कपाळ पुसत राहिल्या.

पण वेळ? मोठ्या सिस्टरांनी चर्चला फोन लावला. "थोडा उशीर होईल. बिशपना चहा द्या. देवाची काळजी नको, आम्हा सगळ्यांची वाट बघून बघून तो मुरलाय."

आता यावर माणसानं हसायचं की हात जोडायचे? वेळच नव्हता हो दोन्हीला! पीठ, पाणी, पत्रे, वाफ. मी कालवत होते, मोठ्या सिस्टर बाह्या सरसावून तक्ते धरत होत्या, आणि आईंना हुकूम, "बाई, तुमचा हात मायेचा आहे, म्हणून तो जरा यंत्रावरच ठेवा." एक तक्ता फाटला. दुसरा निघाला. तिसरा निघाला. खटाक्, खटाक्! ड्रायव्हरदादा दारात येऊन उभे, डबे उचलले, पळाले. मग कुठं आम्ही तिघी पिठाच्या पोत्यांवर बसलो. थोड्या वेळानं पलीकडून चर्चची घंटा ऐकू आली तेव्हा आईंनी माझा हात धरला. पाठीवरून नाही फिरवला, नुसता धरला. घट्ट. मी हललेसुद्धा नाही.

खारट डबे मोठ्या सिस्टरांनी आमच्या पिशवीत घातले. "यांच्यावर अजून प्रार्थना झालेली नाही, खुशाल खा."

संध्याकाळी घरी चहाबरोबर डबा उघडला. आईंनी एक चकती घेतली, डोळे मिटले, सावकाश चावली. मी आणि माझे हे, दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघतोय. आईंनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"बघ... मीठ कमीच पडलंय."

मी दुसरी चकती उचलली. माझं त्या आठवड्याचं बोलून झालं होतं.